आंबोलीतली रात्र

काल रात्री आंबोलीत धो धो पावसात टॉर्च घेऊन एका डबक्याशी दोन तास उभी होते आणि मलबार ग्लायडिंग फ्रॉगची (झाडांवर राहणारा, हवेत तरंगत उडी मारणारा बेडूक) अख्खी लगीनघाई बघितली! डबक्यावर झुकलेल्या फांदीवर नर टक-टक-टक करत मादीला बोलावत होते, मादी त्यांच्यापेक्षा बरीच मोठी, एक नर तिच्या पाठीवर घट्ट बसला तर दुसरा मागून चढायला बघतोय, लाथा काय, ढकलाढकली काय, आणि ती मात्र शांतपणे मागच्या पायांनी फेस घुसळतेय, त्यातच अंडी. फेसामुळे अंडी सुकत नाहीत, मग पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. म्हणून प्लीज, डबक्यावरच्या फांद्या छाटू नका रे. सकाळी बघितलं तर पांढरा गोळा पानांना चिकटलेला होता.