पेटीत ठेवायचा कागद

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळेत पोरं वाढायची आणि शिमग्याच्या सुमाराला पुन्हा कमी व्हायची. वाळवा तालुक्यात वाढलेल्यांना याचं कारण सांगायला नको. साखर कारखाना सुरू झाला की बीडकडच्या आणि आपल्याच जिल्ह्यातल्या जतच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या यायच्या, कॅनॉलच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहायच्या आणि त्यांतली दोनचार मुलं वर्गात मागच्या बस्करपट्टीवर येऊन बसायची. नाव गावाकडच्या शाळेच्या पटावर, त्यामुळे हजेरी सुरू झाली की ती नुसती बघत राहायची.

सहावीत माझ्या शेजारी अशीच एक मुलगी बसायची. तिच्याबरोबर तिचा तीन-साडेतीन वर्षांचा भाऊ. तो गणिताच्या तासाला झोपायचा आणि मराठीच्या तासाला रडायचा. मराठीच्या बाईंनी (नाव छापलेलं त्यांना खपणार नाही) त्याला कधी हाकललं नाही. एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्या कोप्यांवर गेल्या. आमचा मळा त्याच वाटेवर, म्हणून मलाही सोबत घेतलं. मला वाटलं, आता बाई त्या आईला शिक्षणाचं महत्त्व सांगणार. बाईंनी विचारलं ते वेगळंच. फडावर किती वाजता निघता? धाकट्याला भाकरी कोण देतं?

"पहाटं तीनला निघतोत बाई. ही पोरगी हाय म्हणून भागतंय," आई म्हणाली. हात वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधतच होते.

पुढच्या आठवड्यात धाकटा आपल्या अंगणवाडीत गेला. सेविका आधी नाही म्हणाल्या होत्या, त्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. बाईंनी त्यांना कसं वळवलं ते मला कळलं नाही, पण मुलगी मात्र मोकळ्या हातांनी वर्गात येऊ लागली. फाल्गुनात टोळी हलायच्या आधी बाईंनी शाळेच्या कागदावर तिची हजेरी, कुठवर शिकली, कशात कच्ची आहे ते सगळं तिच्या गावच्या मुख्याध्यापकांच्या नावाने लिहिलं, शिक्का मारून घेतला आणि तिला बजावलं, "पिशवीत नको ठेवू, पेटीत ठेव." वर्षात केव्हाही शाळेत प्रवेश मिळण्याचा हक्क पुढे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने दिला. त्याआधी सगळा भरवसा अशा एखाद्या कागदावर. त्या मुलीचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.

पाहुणे म्हणतात, "क्रांतिसिंह नाना पाटलांचा तालुका, समाजसेवा तुमच्या रक्तातच." ऐकायला बरं वाटतं, पण प्रतिसरकार रक्तावर चाललं नव्हतं, गावोगावच्या माणसांनी जोखीम घेऊन चालवलं होतं. आणि आमच्या रक्ताबद्दल म्हणाल, तर एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, जाते म्हटल्यावर आमचे दादा, म्हणजे वडील, म्हणाले होते, "समाजसेवा कोण पैसं घिऊन करतंय व्हय? आन् त्याला कॉलेज कशाला?"

प्रवेशाच्या मुलाखतीत बाहेर बसलेल्या बहुतेकांचं उत्तर पाठ होतं: समाजाचं ऋण फेडायचंय. मी कोप्यांवरची गोष्ट सांगितली. अभ्यासक्रमात आठवड्यातून दोन दिवस वस्तीत जायचं असे आणि आल्यावर सविस्तर अहवाल. माणूस काय म्हणाला ते एकीकडे, आपल्याला काय वाटलं ते दुसरीकडे, दोन्हींची सरमिसळ केली की वही परत. बाईंचे ते प्रश्न मला तिथे नव्याने कळले.

आता मी मिरजेत एका धर्मादाय रुग्णालयात समाजसेविका आहे. अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे. बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते, खर्च तिथून भागतो. हे सगळं फलकावर लिहिलेलं असतं, पण ज्याच्यासाठी लिहिलंय तो फलकाखालीच चादर टाकून बसलेला असतो आणि दागिना कुठे मोडायचा याची चौकशी करत असतो. माझं काम तिथून सुरू होतं. रेशनकार्ड गावाकडे, उत्पन्नाचा दाखला काढलेलाच नाही, नातेवाईक फोन उचलत नाहीत. हंगामात ऊसतोडीचे लोक हमखास असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेल्या एका बाईचं बिल यंदा पूर्ण माफ झालं. तिचा नवरा खूश होईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "दवाखान्याचं मिटलं ताई. पण कोयता मोडला आमचा, मुकादमाची उचल कशी फिटायची?" कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. त्यासाठी माझ्याकडे फॉर्म नाही. मुकादमाशी फोनवर बोलले, अजून बोलते आहे.

नववी-दहावीतल्या कुणाला हे काम बघायचं असेल तर मुख्याध्यापकांकडे माझा नंबर ठेवला आहे. एम.एस.डब्ल्यू.ला पदवी कुठल्याही शाखेची चालते. पगार फार नाही, पण वेळेवर होतो. येताना वडिलांनाही आणा, शंका त्यांनाच जास्त असतात.