हरणीची अकरा पिल्लं : तीन आठवड्यांची खबरबात

मंडळी, आमच्या हरणी कुत्रीच्या वेताचं अपडेट बरेच दिवस द्यायचं राहिलं होतं. अकराच्या अकरा पिल्लं जिवंत आहेत, सगळ्यांचे डोळे उघडलेत, कानही उघडत आलेत, आणि गव्हाळ्या रंगाचा सगळ्यात मोठा नर तर चारी पायांवर उभा राहून झुलत झुलत चालायला लागलाय. नवीन लोकांसाठी सांगतो, हरणी आमची कारवान जातीची, म्हणजे सडपातळ, वेगाने पळणारी शिकारी कुत्री, तिचं हे दुसरं वेत. पहिल्या वेताला पाचच पिल्लं होती त्यामुळे सगळं तिनेच निभावलं, आम्हाला हात लावायची वेळ आली नाही. यावेळी अकरा तोंडं आणि सड दहा. शेजारचे आण्णा, ज्यांनी जन्मभर मेंढरामागं कारवानी कुत्री फिरवली, ते बघायला आले आणि म्हणाले, "लेका, धा सडं अन् अकरा तोंडं, आता एक तोंड तुझं." तेव्हाच ठरवलं की एकही पिल्लू नशिबावर सोडायचं नाही.

व्यायच्या आधीचं थोडक्यात सांगतो. साधारण त्रेसष्ट दिवसांचा हिशोब असतो पण मी भरवसा थर्मामीटरवर ठेवतो. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, एरवी १०१ च्या वर असणारा आकडा ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरला की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. हरणीचा दुपारी उतरला आणि पहाटे पहिलं पिल्लू आलं. जोरात कळा देऊन अर्धा तास झाला तरी पिल्लू येत नसेल, किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट स्राव आला, तर वाट न बघता डॉक्टर. प्रत्येक पिल्लामागे वार पडते का ते मोजत बसलो होतो, ते सगळ्यांनी करा, वार आत राहिली तर पुढे ताप भरतो.

आता मुख्य मुद्दा. मोठ्या वेतात सगळे दुधाच्या मागे लागतात, पण माझ्या मते आधी ऊब, मग दूध. नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, थंडीने कुडकुडायची ताकदही सुरुवातीला नसते. अंग गार पडलं की पोट काम करायचं थांबतं, आणि अशा गार पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, वर ते फुफ्फुसात जायची भीती. आमच्याकडे सांगोल्याच्या माळावर जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा पडतो, म्हणून प्लायवूडचा खोका केला, खाली पोती, त्यावर जुनी गोधडी, आणि एका टोकाला वर पिवळा बल्ब. एकाच टोकाला, कारण दुसरं टोक गार राहिलं पाहिजे, पिल्लं सरपटत आपली जागा शोधतात आणि हरणीलाही धाप लागत नाही. बल्बच्या बाजूला पिल्लांच्या उंचीवर थर्मामीटर टांगलाय, पहिला आठवडा २९ ते ३२ सेल्सिअस, नंतर हळूहळू कमी. आकड्यापेक्षा पिल्लं जास्त सांगतात, एकमेकांवर ढीग करून चिरकत असतील तर गार आहे, कडेकडेला पांगून हाशहुश करत असतील तर जास्त झालंय. खोक्याच्या आतून चारी बाजूंनी जमिनीपासून चार इंचावर पीव्हीसी पाइपचा कठडा बसवलाय, आई भिंतीला टेकून बसली तरी पिल्लू पाठीमागे चेंगरत नाही. एवढी पिल्लं असली की आईला मागे कोण आहे ते कळतच नाही, त्यामुळे हा कठडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

दुसरं हत्यार म्हणजे काटा. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, त्यावर प्लास्टिकचा डबा, रोज सकाळी एकाच वेळेला सगळ्यांचं वजन वहीत. ओळखायला नखांवर वेगवेगळ्या रंगाचं नेलपॉलिश लावलंय, गळ्यात दोरा नको, अडकतो. पहिल्या दिवशी थोडं वजन उतरलं तर चालतं पण त्यानंतर रोज वाढलंच पाहिजे, आणि आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. मोठा गव्हाळ्या ४३० ग्रॅमचा जन्मला आणि सगळ्यात शेवटची काळी मादी, आम्ही तिला चिमी म्हणतो, २६० ची. डोळ्याला दोघं सारखीच गुबगुबीत दिसतात हो, फरक काट्यालाच कळतो.

चिमीचं जरा सविस्तर सांगतो. दुसऱ्या रात्री ती ढिगाच्या बाहेर एकटी पडलेली दिसली, उचलली तर हातात मऊ आणि गार, तोंडात करंगळी घातली तर आतूनही गार आणि चोखायची ओढच नाही. घरातले म्हणाले पटकन दूध घाला. नाही घातलं. शर्टाच्या आत छातीशी धरून बसलो, वर शाल, तासाभराहून जास्त वेळ सावकाश ऊब दिली, एकदम हीटरसमोर धरायचं नसतं. मग करंगळीला जिभेची पकड लागली आणि ती कोकलायला लागली, तेव्हा तिला हरणीच्या मागच्या सडाला लावलं, मागच्या सडांना दूध जास्त असतं आणि धट्टीकट्टी पिल्लं तीच बळकावून बसतात. त्या रात्रीपासून दोन पाळ्या केल्या, सहा मोठी आणि पाच बारकी, एक टोळी पीत असताना दुसरी गरम पाण्याची बाटली ठेवलेल्या टोपलीत. चीक मात्र पहिल्या दिवसातच सगळ्यांच्या पोटात गेला पाहिजे, चोवीस तासांनंतर त्यातली रोगप्रतिकारशक्ती पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जात नाही.

वरच्या दुधाबद्दल खूप जण विचारतात. गाईचं दूध नुसतं देऊ नका. कुत्रीच्या दुधात फॅट आणि प्रोटीन गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतं आणि लॅक्टोज कमी, त्यामुळे गाईच्या दुधावर वजन वाढत नाही आणि हगवण लागते ती वेगळीच. पिल्लांची दूध पावडर मिळते तीच कोमट करून द्या, पिल्लू पालथं ठेवून, पोटावर, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून कधीच पाजू नका, दूध श्वासनलिकेत जातं. आणि टोपलीतल्या टोळीला आईने चाटलं नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालून हलकं पुसायचं, सुरुवातीचे तीन आठवडे त्यांना शी-शू स्वतःहून होत नाही.

आता हरणीकडे वळतो, कारण सगळ्यांचं लक्ष पिल्लांवर आणि आई वाळत चाललेली असते. आपल्याकडे कारवानला ज्वारीच्या कण्या आणि दूध ही रीत आहे, एरवी ठीक, पण अकरा पिल्लं पाजणाऱ्या आईला ते अजिबात पुरत नाही. सध्या ती नेहमीच्या तिप्पट खाते, दिवसातून चार वेळा, कोंबडी, अंडी, थोडं काळीज, भात, आणि पाणी खोक्याच्या अगदी जवळ म्हणजे पिल्लं सोडून लांब जावं लागत नाही. कारवानची हाडं तशीही दिसतात, म्हणून मी बरगड्या न बघता मांडीचं मांस हाताने चाचपतो. रोज एकेक सड दाबून बघतो, गरम, टणक, लालसर लागला तर त्याच दिवशी डॉक्टर. पिल्लांची नखं दर आठवड्याला कापतो, नाहीतर कास ओरबाडून निघते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाभण असताना कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. बाहेरून भरपूर मिळत राहिलं की शरीर हाडातलं कॅल्शियम काढायचं विसरतं आणि ऐन दुधाच्या वेळी रक्तातलं कमी पडतं. व्याल्यानंतर दोन ते चार आठवडे हा सगळ्यात धोक्याचा काळ. आई अस्वस्थ, धापा टाकतेय, पाय ताठ करून चालतेय, अंग थरथरतंय असं दिसलं तर पिल्लं लगेच बाजूला करा आणि रात्र असली तरी डॉक्टर गाठा, यात झटके येऊन तासाभरात जीव जाऊ शकतो. आम्ही सध्या नेमके त्याच आठवड्यांत आहोत, म्हणून रात्री आळीपाळीने कुणीतरी खोक्याशेजारीच झोपतं.

जंताचं पहिलं औषध दोन आठवड्यांनी झालं, आईसकट. गोल जंत पोटात असतानाच आणि दुधातूनही पिल्लांत जातात, त्यामुळे दर दोन आठवड्यांनी चालू ठेवायचं. या आठवड्यापासून ताटलीत पातळ नाचणीची पेज आणि त्यात पावडरचं दूध सुरू करतोय, चिमीला वेगळ्या ताटलीत. आजचं तिचं वजन ९४० ग्रॅम.

पिल्लांसाठी फोन यायला लागलेत. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही आणि नियम नसता तरी मी दिलं नसतं, आईकडून आणि भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा हे ती याच काळात शिकतात. ज्यांच्याकडे पळायला मोकळं रान आहे अशांनाच देणार, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी कृपया विचारू नका. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, तोपर्यंत बाहेरच्या चपला खोक्याच्या खोलीत येत नाहीत, पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या संसर्गजन्य हगवणीची, धास्ती आहे. पुढचं अपडेट पिल्लं खोक्याबाहेर आली की टाकतो, अंगणातल्या फरशीवर त्यांचे पाय घसरतात म्हणून तिथे काय अंथरावं हे कुणी करून बघितलं असेल तर सांगा.