होडी प्रकल्प, अपडेट चौथा: २१२ सोडल्या, २११ काढल्या

मंडळी, मागचा अपडेट टाकून दीड महिना झाला. मध्ये ऑफिसात ऑडिट होतं, त्यात पाऊस दडी मारून बसलेला, म्हणून गप्प होते. आता सांगण्यासारखं बरंच साचलंय. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: आम्ही ठाण्यातले पाच जण कुठेतरी सार्वजनिक जागी टेबल मांडतो, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातात कागद देतो, होडी करायला लावतो आणि सगळ्या जमल्या की एकदम पाण्यात सोडतो. बस. विकायचं काही नाही, बॅनर नाही, संदेश तर अजिबात नाही. लोकांचा पहिला प्रश्न असतो "हे कशासाठी?" आणि "होडीसाठीच हो" म्हटलं की अर्धे संशयाने बघत पुढे जातात, उरलेले खुर्ची ओढून बसतात.

आधी कागदाचं सांगते कारण गेल्या वेळी सगळ्यात जास्त भांडण त्यावरच झालं होतं. घरच्या टबात पाणी भरून एकेक कागद तपासला, पंखा बंद, पाणी स्थिर, मोबाईलवर स्टॉपवॉच. पेपरची रद्दी म्हणजे न्यूजप्रिंट, साधारण ४५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), पाणी नुसता पितो. चार-पाच मिनिटांत बूड मऊ आणि दहाव्या मिनिटाला होडी अशी बसते की जणू पाण्यावर कोणी चड्डी वाळत घातलीय. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा ए-फोर मात्र अर्धा तास आरामात तरला. नुसता जाड आहे म्हणून नाही, त्या कागदाला बनवतानाच साइझिंग केलेलं असतं, म्हणजे पाणी लगेच आत शिरू नये अशी सोय, नाहीतर पेनाची शाई पसरली असती. न्यूजप्रिंटला ते जवळपास नसतंच. आणि आकडेमोड आवडणाऱ्यांसाठी, ए-झिरो म्हणजे बरोब्बर एक चौरस मीटर आणि ए-फोर म्हणजे त्याचा सोळावा भाग, म्हणून ८० जीएसएमच्या एका पानाचं वजन भरतं ५ ग्रॅम. अख्खी होडी ५ ग्रॅमची, पाण्याला पत्ताही लागत नाही. म्हणूनच तिला वारा जिकडे नेईल तिकडे जाते, पोटात वाटाण्याएवढा खडा ठेवला तर जरा जमिनीवर येते (पाण्यावर म्हणा हवं तर).

मेणाचा प्रयोग मी बंद केलाय. हो, मेणबत्ती घासली की होडी दोन-तीन तास मस्त चालते, आपल्यातल्या काहींचा तोच हट्ट आहे, पण साधी मेणबत्ती म्हणजे पॅराफिन आणि ते खनिज तेलातून येतं. तळ्यात सोडायची वस्तू आपण मुद्दाम न विरघळणारी करायची हे मला पटत नाही. शिवाय मेण लावलेल्या होडीचा नंतर लगदाही होत नाही नीट. लगद्याचं शेवटी सांगते, ते प्रकरण वेगळंच आहे.

होडी बुडते कुठून हे कळायला मला तीन वर्षं लागली. तुमची साधी होडी उलटी करून बघा, मधल्या त्रिकोणाच्या खाली एक पोकळ खिसा असतो, बोट घातलं तर वरच्या टोकापर्यंत जातं. पाणी त्या खिशात चढतं आणि ते चालतं, तिथून होडीत काही येत नाही. खरी गळती होते ती घड्या जिथे एकमेकींना छेदतात त्या टोकाला. नखाने करकचून घडी मारली की तिथे सुईच्या टोकाएवढं भोक पडतं, उजेडाकडे धरलं की दिसतं. तेव्हा घडी बोटाच्या पोटाने मारा, नखाने नको. आम्ही मुलांना हे सांगतो आणि मुलं ऐकतात, मोठी माणसं ऐकत नाहीत, इंजिनिअर असतील तर मुळीच नाही.

तर आता जुलैच्या शेवटच्या रविवारचं. तळ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ठाण्यात तळी काय कमी आहेत, ओळखा. परवानगीसाठी एका कार्यालयात तीन खेटे घातले. पहिल्या वेळी साहेब जागेवर नव्हते, दुसऱ्या वेळी टेबलावरच्या माणसाने अर्ज वाचला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, होड्या म्हणजे बोटिंग का? त्याचं वेगळं लायसन लागतं." मी पर्समधून एक होडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती बराच वेळ फिरवून बघितली, मग म्हणाले, "आमच्याकडे याला फॉर्म नाही." तिसऱ्या वेळी तोंडी हो मिळालं, एका अटीवर, की संध्याकाळी पाण्यात एक कपटा दिसता कामा नये. खरं सांगू, ही अट आम्हीच आम्हाला आधी घातली असती तर बरं झालं असतं. मागच्या वर्षी आम्ही होड्या सोडून टाळ्या वाजवून, फोटो काढून घरी गेलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेले तेव्हा काठाला राखाडी लगद्याची एक लांब पट्टी लागलेली होती, त्यात गुटख्याच्या पुड्या अडकलेल्या. तो फोटो काही आम्ही कुठे टाकला नाही.

म्हणून या वर्षीचा नियम, मोजून सोडायच्या आणि मोजून काढायच्या. प्रत्येक होडीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने नंबर. पेन्सिलच, कारण स्केचपेन पाण्यात उतरतं. पहिल्या वर्षी एका मुलीने निळ्या स्केचपेनने होडीवर आपलं नाव लिहिलं होतं, ते पाच मिनिटांत तिच्या डोळ्यांदेखत पाण्यात विरघळलं आणि तिने जो भोकाड पसरला तो मी विसरणार नाही. रंगवायचं असेल तर तेलखडू द्या, तो पाणी झटकतो, उलट होडी जरा जास्त टिकते.

टेबलावर बसून माणसं बघण्यासारखी असतात. टोपीपर्यंत सगळ्यांना येतं. पान अर्धं दुमडा, दोन कोपरे मधे आणा, खालच्या पट्ट्या दोन्हीकडून वर घ्या, झाली टोपी, इथपर्यंत हात आपोआप चालतात, तोंडाने ऑफिसच्या गप्पा चालू असतात. टोपीनंतर माणूस अडतो. एक रिक्षावाले काका आले, खाकी शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, स्टँडवर नंबर लावून आलोय लवकर द्या म्हणाले. टोपी झाली आणि थांबले. टोपी हातात घेऊन आत बघतायत, बाहेर बघतायत, मी काही बोलले नाही कारण अशा वेळी सांगायचं नसतं. मग त्यांनी दोन्ही अंगठे टोपीत घातले, टोपी फुगवून उलट्या बाजूने चपटी केली, चौकोन झाला, खालचे कोपरे वर, परत अंगठे, परत चौकोन, आणि मग ते वरचे दोन कान चिमटीत धरून बाहेर ओढले. तो कागदाचा फर्रर आवाज तुम्हाला माहितीये. काका एकदम हसले, बाजूच्या माणसाला म्हणाले, "च्यायला, चाळीस वर्षांनी." स्टँडवरचा नंबर गेला त्यांचा. नंतर अजून चार केल्या.

सासूबाईंना मी नुसतं सोबत म्हणून नेलं होतं. त्या तासभर बाकावर बसून वेफर्स खात होत्या, मग उठून आल्या आणि म्हणाल्या, "अगं, सगळे तीच ती काय करताय, जोडहोडी कुणाला येत नाही का?" ए-फोरची जास्तीची पट्टी फाडून चौकोन केला, दोन बाजू मधे, मग कोपरे ओढून काढले, आणि दोन होड्या शेजारी बांधल्यासारखी एक वस्तू टेबलावर ठेवली. त्या कधी शिकल्या म्हणून विचारलं तर म्हणे सांगलीला त्यांच्या वाड्यासमोर पावसाळ्यात ओहोळ वाहायचा, तिथे साधी होडी उलटते, जोडहोडी उलटत नाही. बरोबरच आहे की, दोन बुडांवर चालणारी वस्तू सहज कलंडत नाही. मला लग्नाला सोळा वर्षं झाली आणि हे आज कळतंय. त्यांच्यापुढे लगेच रांग लागली आणि मी वेफर्स खायला मोकळी झाले.

सोडायचं गणित वाऱ्याचं आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैऋत्येचा, निदान पश्चिमेकडचा, म्हणजे पश्चिम काठावरून सोडल्या की पूर्व काठाला आपोआप जातात. आम्ही पूर्वेला कोपऱ्यात नायलॉनच्या दोरीला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बांधून एक आडवी माळ टाकली होती, होड्या तिला येऊन टेकतात. काढायला बांबूच्या टोकाला गोल तार आणि जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. सव्वापाचला सोडल्या, २१२. पहिली दोन मिनिटं त्या काठालाच घोटाळत राहिल्या आणि लोक "काय हे" करायला लागले, मग एक झुळूक आली आणि सगळा पांढरा थवा एकदम वळला. तेवढा एक क्षण. त्यानंतर कोणी माझी-तुझी केलं नाही, सगळे काठाकाठाने चालत पलीकडे निघाले, होड्यांच्या वेगाने. होड्यांचा वेग म्हणजे आजोबांचा वेग. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडतं ते हे चालणं, त्याचा फोटो चांगला येत नाही ही गोष्ट वेगळी.

चालता चालता आमच्या सोसायटीचे वॉचमन दादा भेटले, त्यांची सुट्टी होती, ते कटककडचे. म्हणाले आमच्याकडे हे कार्तिक पौर्णिमेला असतं, बोइत बंदाण, पहाटे अंधारात नदीवर जाऊन केळीच्या सोपटाच्या नाहीतर कागदाच्या होड्या, त्यात दिवा, पान-सुपारी. पूर्वी ओडिशाचे व्यापारी जावा-बालीकडे जहाजं घेऊन जायचे त्याची ती आठवण, महानदीच्या काठी जत्रा भरते तिचं नावच बाली जत्रा. आपल्याकडेही त्याच रात्री, त्रिपुरारीला, घाटावर द्रोणात दिवे सोडतात, म्हणजे पौर्णिमा तीच. केळीचं सोपट ही आयडिया मी लगेच लिहून घेतली, त्याचा लगदा करायची भानगड नाही, गाईसुद्धा खातात.

मुद्दाम मोठ्या होड्यांबद्दल मागे कोणीतरी विचारलं होतं, तर १९८९ साली ग्लासगोला जॉर्ज वायली या शिल्पकाराने क्लाईड नदीत जवळपास ८० फुटी कागदी होडी उतरवली होती. आकार कागदी होडीचा, वस्तू अर्थातच कागदाची नव्हे. ज्या नदीकाठी खरी जहाजं बांधायचे आणि मग एकेक यार्ड बंद पडत गेलं, तिथे ही. पुढे ती न्यूयॉर्कलाही जाऊन आली. मला ती फार आवडते, पण आपलं ५ ग्रॅमचं बरं, खिशात मावतं.

आता हिशोब. संध्याकाळी सव्वासात वाजता अंधार पडायला लागला तेव्हा टोपलीत २०६. टॉर्च लावून जलपर्णीत शोधलं, तीन मिळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आणि नवरा परत गेलो, तो अखंड कुरकुरत होता, पण दोन त्यानेच शोधल्या, एक तर बगळ्याच्या पायाशी होती आणि बगळा हलायला तयार नाही. झाल्या २११. नंबर लावून बघितलं तर १४७ नाही. सगळा काठ दोनदा फिरलो. बुधवारी एका आईचा मेसेज आला, सोबत फोटो. प्लॅस्टिकची लाल बादली, त्यात १४७. पोराने सोडायच्या वेळी होडी हातातून सोडलीच नव्हती, पँटच्या खिशात घालून घरी नेली होती. म्हणजे आम्ही सोडल्याच २११.

आता लगदा. ओल्या होड्या गच्चीत वाळवल्या, त्यातल्या चाळीस फाडून रात्रभर भिजत घातल्या आणि सासूबाई भजनाला गेल्या असताना मिक्सरच्या मोठ्या भांड्यात फिरवल्या. (भांडं धुतलं. तीनदा धुतलं. तरी त्यांना कळलं, चटणीत कागद लागला म्हणे.) जुन्या फोटो फ्रेमला जाळी ठोकून त्यावर लगदा गाळला, कापडावर उलटा केला, वर पाट आणि पाटावर पिठाचा डबा. अकरा पानं झाली, जाड, करड्या रंगाची, मधेमधे तेलखडूचे लाल-हिरवे ठिपके, दिसायला इतकी सुंदर की घडी घालवेना. घातली. चार मिनिटांत बुडाली. कारण उघड आहे, भिजवून-फिरवून मूळ साइझिंगचा काही भरवसा राहिला नाही आणि नवीन मी काही केलं नव्हतं.

पुण्याच्या हातकागद संस्थेत पूर्वी एकदा गेले होते, १९४० सालची ती संस्था, तेव्हा हे सगळं समोर असून मी नुसत्या लग्नपत्रिका बघत बसले. आता पुढच्या घाण्याला तांदळाची पातळ खळ लावून बघणार आहे, अर्ध्या पानांना लगद्यातच आणि अर्ध्यांना वाळल्यावर वरून. कोणी खळ लावून केलं असेल तर प्रमाण सांगा, आणि मुंग्या येतात का तेही. मिक्सर आता मिळणार नाही, पाटा-वरवंटा आहे.