पैसा तुमच्याचजवळ होता ना?

ट्रेझरीत नोकरी केली म्हटलं की लग्नात, पानठेल्यावर, कुठंही तोच सवाल: "पैसा तुमच्याचजवळ होता ना भाऊ, मग बिलं कायले अडवत होते?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

पैसा आमच्याजवळ कधीच नव्हता. राज्याच्या एकत्रित निधीतून कायद्याशिवाय रुपया निघत नाही, हे संविधानाच्या कलम 266 मध्येच आहे. तो कायदा म्हणजे दरसाल विनियोजन विधेयक मंजूर होऊन होणारा कायदा. त्याआधी प्रत्येक खात्याच्या मागण्या विधानसभेत मताला पडतात. वित्त विभागही त्यातून सुटत नाही. ज्या खिडकीतून जगाचे पगार निघायचे, तिथला माझा पगार 2054 या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबातल्या ट्रेझरीच्या खर्चाच्या खात्याखाली, आमदारांच्याच मंजुरीनं यायचा. अनुदान, म्हणजे खर्चासाठी मंजूर झालेली रक्कम, संपलं की आमचीही प्रवासभत्त्याची बिलं पडून राहत.

एक 31 मार्च मात्र डोक्यातून जात नाही. आश्रमशाळेतल्या एका स्वयंपाक्याच्या उपचाराचं वैद्यकीय देयक होतं. तो गेला होता, बायको आली होती. मांडीवर फाईल, आत औषधांच्या पावत्या, एकेकीवर डॉक्टरची सही. खात्याचा बाबू संध्याकाळपासून मुंबईला फोन लावत होता. बीम्सवर, म्हणजे अनुदान वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, शिल्लक शून्य, त्यामुळे खर्चाची परवानगी देणारं प्राधिकारपत्र निघेना. डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा रकमांत, त्या खात्याला रक्कम मिळाली होती, पण वाटप खाली उतरलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, "साहेब, इथं नागपूरलेच मंजूर झालं म्हंतात न?" मी म्हणालो, "मंजूर झालं बाई, पण इथवर आलं नाही." त्या उठल्या नाहीत. रात्री उशिरा दुसऱ्याच लेखाशीर्षाचं अनुदान आलं, तिकडची बिलं धडाधड पास झाली. बाराला वर्ष संपलं, न वापरलेलं अनुदान व्यपगत झालं, म्हणजे बुडालं. "अनुदान उपलब्ध नाही" असा शेरा मारून देयक मीच परत केलं. पुढच्या वर्षी ते निघालं का, मला कळलं नाही. माझी बदली झाली होती.

शेरा बरोबरच होता. तेव्हा मी म्हणायचो, हा नियम नसेल तर कोणताही साहेब तिजोरी उघडेल. आजही म्हणतो. पण ज्या मताच्या आधारावर मी त्या बाईंना परत पाठवलं, ते सभागृहात पडतं कसं? चर्चेचा वेळ संपला की उरलेल्या मागण्यांना गिलोटिन. खात्यांची खाती काही मिनिटांत, एका शब्दाच्या चर्चेविना मंजूर. मग त्या शेऱ्याचं एवढं पावित्र्य मी कशासाठी सांभाळलं? आणि तरी, मताशिवाय खर्च करू द्या असं माझ्यानं म्हणवत नाही. हे भांडण माझ्यापुरतं मिटलेलं नाही.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात, मंत्री निवेदन घेतात, पुरवणी मागणी मंजूर होते, लोक गावी जातात. जानेवारीत वाटप झालं का, हे आमदाराला कोणी विचारत नाही. मार्चमध्ये मला विचारतात.