काटा सारखा, अंग वेगळं

पार्कवर सकाळी पळायला येणाऱ्या पोरांत सध्या एकच खूळ आहे, माझे फायबर, म्हणजे स्नायूंचे तंतू, स्लो का फास्ट. कुठलं तरी रील बघितलं असणार. अरे दोन्ही असतात की सगळ्यांच्यात, साध्या माणसाच्या मांडीत निम्मे-निम्मे धरून चाला. स्लोवाल्यात मायोग्लोबिन (ऑक्सिजन धरून ठेवणारं लाल प्रथिन) आणि मायटोकाँड्रिया (पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या) जास्त म्हणून ते लालसर आणि लवकर दमत नाहीत, फास्टवाले जोर दणकून लावतात आणि लगेच गळपटतात. टॉपच्या मॅरेथॉनवाल्यांच्या पायात स्लो 70-80 टक्क्यांपर्यंत सापडलेत, 100 मीटरवाल्यांचं उलटं. पण हे कळायला मांडीत जाड सुई घालून मांसाचा तुकडा काढावा लागतो, आणि काढून करणार काय बे? फास्टमध्येही टू-ए आणि टू-एक्स असे दोन प्रकार, व्यायामाने टू-एक्स हळूहळू 'टू-ए'कडे सरकतात हे खरं, पण स्लोचं फास्ट करणं फारसं कुणाला जमत नाही.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आधी नंदीध्वजाचा सराव चालतो तेव्हा जरा नीट बघा, ती उंचच उंच काठी तोलून चालणारा गडी जिममधल्या पोरासारखा फुगलेला नसतो, पण पोटऱ्या बघा त्याच्या! काट्यावर उभा केला तर त्याचं आणि दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या शेठचं वजन सारखंच भरेल कदाचित.

बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणाऱ्या आकड्याचा घोळ इथंच आहे. 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी चक्क स्वतःचाच फोटो छापला, दोघांचाही बीएमआय 22.3, आणि चरबी? युडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2! युडकिन मॅरेथॉन पळणारे, आणि याज्ञिकांची धाव लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठण्यापुरती, हेही त्यांनीच लिहिलंय. अर्थात सगळं खापर लिफ्टवर नाही फोडलेलं, आपली बाळं जन्मतःच हडकुळी पण चरबीवाली असतात, आईच्या पोटात पोषण कमी पडत असेल हाही मुद्दा आहे त्यात.

म्हणून मला फायबरपेक्षा पोटाची काळजी जास्त वाटते. आपल्याकडं हातपाय काड्या आणि शर्टाचं खालचं बटण ताणलेलं, असे कितीतरी जण 'मी तर बारीकच आहे' म्हणत फिरतात. जिममधल्या त्या चरबी मोजायच्या मशीनवर फार विसंबू नका, तांब्याभर पाणी पिऊन उभं राहिलं तरी आकडा हलतो. शिंप्याची टेप घ्या, पोट आत न ओढता कंबर मोजा (सगळे ओढतात), पुरुषाची 90 सेंटीमीटर आणि बाईची 80 च्या पुढं असली तर शुगर तपासून घ्या.