पुसलेलं पान

माझं काम जुन्या पोथ्या दुरुस्त करण्याचं. एका प्रकल्पासाठी तीन महिने श्रीलंकेत होते, तेव्हाची ही गोष्ट. मातले शहरापासून आत एक खेडं आहे. गावाला एक तळं, भातशेती आणि पन्सल, म्हणजे विहार. पन्सलेतल्या लाकडी पेटीत ४२ पोथ्या होत्या. सिंहलीत त्यांना ‘पुस्कोळ पोत’ म्हणतात. ‘पोत’ ऐकलं आणि मला आपली पोथीच दिसली.

ही पानं आपल्याकडच्या साध्या ताडाची नव्हेत. ‘तल’ नावाचं झाड असतं, आयुष्यात एकदाच फुलतं आणि मग मरतं. त्याचं कोवळं पान उकळून, वाळवून, घोटून गुळगुळीत करतात आणि त्यावर लोखंडी टोकानं अक्षरं कोरतात. सिंहली लिपी इतकी गोल का, ते पान हातात घेतल्यावर कळतं. शिरा लांबीच्या दिशेनं धावतात. आपली शिरोरेषा त्या टोकानं ओढली तर पान शिरेवरच चिरेल.

सकाळी माझ्या हातून चूक झाली. बुरशी काढायला कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं आणि आधी कोपऱ्यावर करून न पाहता पुसलं. दोन हात फिरवले आणि पान कोरं झालं. सगळं काळं बोळ्यावर उतरलं होतं. माझ्या पोटात गोळाच आला. थोरले हामुदुरुवो, म्हणजे भन्ते, शेजारीच बसले होते. रागाचा एक शब्द नाही. त्यांनी एका पोराला वेदमहत्तयांकडे, गावच्या वैद्यांकडे, पिटाळलं.

वेदमहत्तया पिशवी घेऊनच आले. दुम्मल नावाच्या राळेचं तेल, कोळशाची वस्त्रगाळ पूड आणि एका पुडीत कुरक्कनचं पीठ. पुडी उघडली तर नाचणी! तेल आणि पूड कालवून त्यांनी सगळं पान बोटांनी माखलं, इतकं की मला बघवेना. मग वर पीठ भुरभुरलं आणि फडक्यानं पुसून घेतलं. वरचं काळं पिठाबरोबर निघून आलं, कोरलेल्या खाचेत तेवढं राहिलं. अक्षर न् अक्षर परत उमटलं, सकाळपेक्षा ठसठशीत. हे सगळं मी वाचलं होतं, पण कुणाच्या हाताला ते इतकं सवयीचं असेल असं मनात आलं नव्हतं.

हामुदुरुवो वाचू लागले. ती ‘यशोदरावत’ निघाली. सिद्धार्थ रात्री निघून गेल्यावर यशोधरेनं केलेला विलाप, चार-चार ओळींच्या कडव्यांत. खेड्यांत मयताच्या घरी रात्र जागवताना ही कडवी म्हणत. पुढच्या पानांवर मधली अक्षरं किडीनं खाल्ली होती, तिथे ते अडत. अंगण झाडणारी आच्ची, म्हणजे आजी, दारात येऊन उभी राहिली होती. तिसऱ्यांदा ते अडले, तशी तिनं केरसुणी भिंतीला टेकवली, हात जोडले आणि हलक्या चालीत ते कडवं पुरं केलं. तिला लिहिता-वाचता येत नाही. मग दुपारभर तेच चाललं: जिथे पान संपे तिथे आच्ची. एक कडवं तर पोथीत नव्हतंच. “हे माझ्या आईचं,” ती म्हणाली. आम्ही तेही वेगळं लिहून घेतलं.

तिथून जवळच अलुविहार आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात दुष्काळ आणि परचक्र एकदमच आलं, त्रिपिटक पाठ असलेले भिक्खू राहतात की जातात अशी वेळ आली, तेव्हा ते तिथे पहिल्यांदा लिहून काढलं, असं परंपरा सांगते. तोंडातलं पानावर आलं ते असं. त्या दुपारी आमच्याकडे उलटं चाललं होतं.

आमच्या आराखड्यात पेटी शहरात हलवायची होती. मला ते पटेना. २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद झाली, भाताचं पीक घटलं, पाठोपाठ महागाई. तरणी पोरं कोलंबोला नाहीतर आखातात गेली. गावाला हवी होती पन्सलेच्या छपरासाठी कौलं आणि वेदमहत्तयांच्या हाताखाली शिकतील अशा दोन मुलींना रोजंदारी. त्याच रात्री मी तसा अर्ज लिहिला, पेटी इथेच ठेवावी म्हणून.

निघताना आच्चीनं विचारलं, “दुवे,” म्हणजे मुली, “तुमच्याकडे काय म्हणतात?” मला आजीची जात्यावरची ओवी आठवली. दोन ओळी म्हटल्या आणि पुढची सुचेना. आच्ची माझ्या तोंडाकडे बघत थांबून राहिली.