बरका फणस, जाणारी लाईट आणि घरचं आइस्क्रीम

एप्रिल संपत आला की आमच्या मालवणजवळच्या आचऱ्याच्या घरी मागच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसते. हापूस पेटीत भरून जातो, काजूची बी व्यापारी नेतो, पण रायवळ आंबा, बरका फणस (मऊ, गिळगिळीत गऱ्यांचा, आमच्याकडे रसाळ म्हणतात), करवंदं, जांभळं ह्यांना गिऱ्हाईक नाही. बरका तर कितीतरी ठिकाणी झाडाखालीच पडून कुजतो आणि ते बघवत नाही. साठं (रस पसरून उन्हात वाळवलेल्या पोळ्या) घालून घालून किती घालणार, शिवाय ती वाळायला कडक ऊन लागतं, जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तो मार्गही बंद. म्हणून आमच्या ओट्यावर आइस्क्रीमचं मशीन आलं आणि आता मे महिन्यात ते सारखं चालू असतं.

बऱ्याच जणी विचारतात, घ्यावं का, कुठलं घ्यावं, दुकानासारखं होतं का. दुकानासारखं होत नाही, वेगळं होतं, आणि माझ्या मते जास्त चांगलं होतं, पण मशीन नक्की काय करतं ते आधी समजून घेतलं तरच. म्हणून जरा लांबण लावतेय, वाचा.

सगळा खेळ पाण्याचा आहे. दुधात पाणी, फळात पाणी, आणि हे पाणी गोठताना त्याचे स्फटिक होतात. मिश्रण फ्रीजरमध्ये नुसतं ठेवून दिलं तर ते सावकाश गोठतं, स्फटिक मोठे होतात आणि दाताखाली बर्फ कचकचतो. साधारण ५० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या, वर गेले की जिभेला कळायला लागतात. कुल्फी करणारा हा प्रश्न दूध आटवून सोडवतो, पाणीच घालवून टाकतो. मशीन तोच प्रश्न वेगाने आणि ढवळून सोडवतं, म्हणजे भांड्याची आतली बाजू एकदम गार असते, तिला लागलेला पातळ थर लगेच गोठतो आणि पातं तो खरवडून मध्ये ढकलतं, परत नवा थर, परत खरवड, असं वीस-पंचवीस मिनिटं. त्यात थोडी हवाही मिसळते. मशीनचं काम एवढंच. मिश्रणात पाणी किती ठेवायचं हे ते ठरवत नाही, ते आपण ठरवायचं.

माझ्या सासूबाईंना हे मशीन पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पॉट फिरवल्याशिवाय आइस्क्रीम होता काय गो?" त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, कारण तत्त्व तेच आहे. लाकडी बादली, मध्ये डबा, भोवती बर्फ आणि खडे मीठ, आणि वरचं हँडल पाळीपाळीने फिरवणारी घरातली सगळी पोरं. ह्या हाताने फिरवायच्या पॉटचं पेटंट १८४३ साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईने घेतलं होतं, हे मला कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं! आमच्याकडे पॉटसाठी बर्फाची लादी मासळीच्या बर्फाच्या फॅक्टरीतून यायची, गोणपाटात गुंडाळून, आणि ती ओट्यावर कुटायचं काम मोठ्या माणसांचं. मीठ कशाला, तर नुसता बर्फ शून्य डिग्रीवर असतो आणि साखर घातलेलं दूध शून्यावर गोठत नाही, त्याला अजून खाली जावं लागतं. बर्फात मीठ मिसळलं की ते मिश्रण उणे २१ पर्यंत खाली जाऊ शकतं. साखर दुधाचा गोठणबिंदू खाली नेते तसंच मीठ बर्फाचा नेतं. हे एक डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता मशीन. ओट्यावरच्या मशीनचे मुख्य दोन प्रकार. एकात दुहेरी भिंतीचं भांडं असतं, भिंतीच्या आत एक द्रव भरलेला असतो, ते भांडं आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये ठेवायचं, निदान १२ तास, आणि आपल्या हवेत मी सांगेन पूर्ण २४. हलवून बघायचं, आत डचमळल्याचा आवाज आला तर अजून झालेलं नाही. दुसऱ्यात स्वतःचा कॉम्प्रेसर असतो, बटण दाबलं की ते स्वतःच गार होतं, एक घाणा झाला की लगेच दुसरा टाकता येतो, पण किंमत कितीतरी पट आणि वजनही भरपूर. ते गाडीतून घाटातून हलत-डुलत आणलंत तर काही तास सरळ उभं ठेवून मगच चालू करायचं. (हल्ली तिसराही प्रकार निघालाय, आधी डब्यात मिश्रण दगडासारखं गोठवायचं आणि मग मशीन ते पात्याने वरून किसत जातं. तो मी वापरलेला नाही म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही.)

माझ्याकडे भांडं गोठवायचं मशीन आहे आणि चार-पाच माणसांच्या घराला ते पुरतं. फक्त आधी आपला फ्रीजर बघा. आत उणे १८ पाहिजे. एका दाराच्या फ्रीजमधला वरचा छोटा कप्पा बहुतेक वेळा तेवढा गार होत नाही, तिथे भांडं दोन दिवस ठेवलंत तरी उपयोग नाही. दोन दाराचा फ्रीज असेल किंवा मासळीसाठी वेगळा डीप फ्रीजर असेल तर उत्तम.

आणि मासळीचा विषय निघालाच आहे तर सांगते. आपल्याकडच्या फ्रीजरमध्ये सुरमईच्या तुकड्या, सोललेली कोळंबी, सोडे असं सगळं असतंच. दुधातली स्निग्धता वास पटकन धरते. भांडं जाड पिशवीत घालून घट्ट गाठ मारून ठेवायचं, मिश्रण झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आणि तयार आइस्क्रीमवर बटर पेपर अगदी चिकटवून मग डब्याचं झाकण. एवढं केलं की त्याच फ्रीजरमध्ये दोन्ही सुखाने राहतात.

लाईटचं मात्र आपल्या हातात काही नाही. मेअखेरीला वळवाचा पाऊस आला की वारा, फांदी पडते, तार तुटते, लाईट गेली ती संध्याकाळी येते. तयार आइस्क्रीम अर्धवट वितळून परत गोठलं की आधीचे बारीक स्फटिक विरघळतात, ते पाणी उरलेल्या स्फटिकांवर चढतं आणि सगळं खरखरीत होतं. त्यावर उपाय म्हणजे फ्रीजर भरलेला ठेवायचा, रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या, दार उघडायचं नाही आणि आइस्क्रीम एका मोठ्या डब्याऐवजी दोन-तीन लहान डब्यांत, एकदम मागे ठेवायचं. घुसळणं मी सकाळी करते, लाईट असते तेव्हाच. पाच-दहा मिनिटं लाईट गेली तर भांडं अजून गार असतं, पण थांबलेलं पातं मिश्रणात गोठून बसतं, म्हणून लगेच पातं काढून कडेचा थर प्लास्टिकच्या उलथन्याने मध्ये सोडवत राहायचं. धातूचा चमचा त्या भांड्यात कधीही घालू नका, अस्तराला चरे पडतात.

आता बरका. हे आइस्क्रीम तुम्हाला बाजारात सहसा दिसणार नाही. कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या फणसाचे तुकडे टाकलेलं मिळतं, पण बरक्याचा वास आणि गोडी काही वेगळीच. आणि तो पिकला की त्याला लांब पाठवता येत नाही, हात लावला तरी बोट आत जातं, म्हणजे त्याचं जे काही करायचं ते इथेच, त्याच दिवशी.

हाताला आणि सुरीला खोबरेल तेल चोळायचं, नाहीतर चीक सुटत नाही. गरे काढून चाळणीत घ्यायचे आणि खाली पातेलं ठेवून हातानेच चोळायचे, मिक्सरला लावायचे नाहीत. आठळी बोटातून निसटते, रस गळतो आणि चाळणीत पिवळे धागे उरतात, ते हातात घेऊन पिळले की अजून चमचा-दोन चमचे दाट रस येतो, तो सगळ्यात चांगला. हा रस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहायचा. सुरुवातीला रटरट उडतो, मग आवाज जड होतो, उलथनं फिरवलं की मागे तळ दिसतो आणि क्षणभर तसाच राहतो. एक तृतीयांश तरी कमी झाला पाहिजे. साठं करणाऱ्यांना हे नवीन नाही, फक्त तेवढं घट्ट करायचं नाही. आठळ्या धुऊन ठेवायच्या, भाजीत जातात.

दीड लिटरच्या भांड्यासाठी माझं प्रमाण असं. फुल क्रीम दूध ४०० मिली, म्हणजे ६ टक्के स्निग्धतेचं पिशवीचं दूध, आमच्याकडे कोल्हापूरकडनं घाट उतरून येतं ते, ते उकळून ३०० वर आणायचं. त्यात साखर १०० ग्रॅम, दूध पावडर ३० ग्रॅम. एक चमचा कॉर्नफ्लॉवर गार दुधात कालवून घालायचं आणि दोन मिनिटं शिजवायचं, ते पाणी धरून ठेवतं. गार झालं की २५ टक्के स्निग्धतेची क्रीम २०० मिली आणि आटवलेला गार रस २०० ग्रॅम. गरम दुधात आंबटसर फळ गेलं की दूध फाटतं, तेव्हा दोन्ही गार असल्याशिवाय मिसळायचं नाही. पावडर ह्याहून जास्त घालू नका, दुधातली मूळची साखर (लॅक्टोज) रवाळ होऊन जिभेला वाळूसारखी लागते. चव बघताना मिश्रण किंचित जास्त गोड लागलं पाहिजे कारण गारपणात गोडी कमी जाणवते. आणि डाएट म्हणून साखर अर्धी केलीत तर नुसती गोडी कमी होत नाही, आइस्क्रीम दगड होतं, साखर मऊपणासाठीही लागते.

हे मिश्रण रात्रभर फ्रीजच्या खालच्या भागात. ही पायरी लोक घाईत गाळतात आणि तिथेच फरक पडतो, रात्रभरात स्निग्धता घट्ट होते, पावडर नीट फुगते आणि मुख्य म्हणजे मिश्रण पूर्ण गार असल्याने भांड्यातला गारवा नुसतं दूध गार करण्यात वाया जात नाही. सकाळी आधी मशीन चालू करायचं, पातं फिरायला लागलं की मगच मिश्रण ओतायचं, आणि भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरायचं नाही, ते फुगतं. पंधरा मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग कडेला दाटसर वळ्या दिसायला लागतात, मोटरचा आवाज जडावतो आणि पात्याच्या मागे मिश्रण लगेच भरून न येता खाच तशीच राहते. झालं, बंद करा. तेव्हा ते मऊसूत असतं, साधारण उणे पाच-सहाला. तसंच खायला पोरं उभीच असतात, पण गोळा उभा राहायला हवा असेल तर डब्यात भरून चार-पाच तास फ्रीजरमध्ये.

दुकानातल्यापेक्षा हे जड लागतं, त्याचं कारण हवा. आपल्या कायद्यात आइस्क्रीममध्ये दुधाची स्निग्धता किमान १० टक्के आणि एका लिटरचं वजन निदान ५२५ ग्रॅम असं ठरवलेलं आहे, म्हणजे लिटरच्या डब्यात बऱ्यापैकी जागा हवेची असू शकते. घरच्या मशीनमध्ये तेवढी हवा जातच नाही. म्हणून वाढायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवायचं. डब्यावर "फ्रोझन डेझर्ट" लिहिलेलं असेल तर त्यात वनस्पती तेलाची स्निग्धता असते, तेवढं एकदा वाचून बघत जा.

हापूसला तेच प्रमाण, पण रस फार आटवायचा नाही, वास उडतो. हापूसचा गर मुळात दाट. रायवळचा रस पातळ आणि धागेदार, तो गाळून चांगला आटवायचा, आणि खरं सांगते, आटवलेल्या रायवळचं आइस्क्रीम मला हापूसपेक्षा आवडतं, त्यात थोडी आंबट धार असते. शहाळ्याचं करताना पाणी घालायचा मोह टाळा, नुसता बर्फ होतो. मलई आणि दाट नारळाचं दूध घ्यायचं, मलईचे तुकडे शेवटच्या दोन मिनिटांत टाकायचे. अननस कच्चा घातला तर दूध कडवट होतं, त्यातल्या एन्झाइममुळे, म्हणून साखरेत शिजवूनच घालायचा. करवंदं शिजवून गाळून, बिया आणि चीक दोन्ही जातात.

कोकमाचं बिनदुधाचं करतात ते तर ह्या उकाड्यात अमृतच. पण आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घेऊ नका, त्यात मीठ असतं, आणि वर लिहिलंय तेच, मीठ गोठू देत नाही. साखरेत मुरवलेलं अमृत कोकम घ्यायचं, सरबताला करतो त्याच्या दीडपट दाट, वर चिमूटभर जिऱ्याची पूड. लगेच खायचं, ठेवून मजा जाते.

घरचं आइस्क्रीम आठ-दहा दिवसांत संपवावं, पुढे खरखरीत होत जातं. बरक्याचा आटवलेला रस मात्र टिकतो. दोनशे-दोनशे ग्रॅमच्या चपट्या पिशव्या करून, हवा काढून, एकावर एक रचून ठेवायच्या, रचलेल्या असल्या की लाईट गेली तरी लवकर सुटत नाहीत. पिशवीवर तारीख घाला, म्हणजे चतुर्थीला चाकरमानी आले की जुन्या पिशव्या आधी काढता येतात. आमच्याकडे गौरीच्या दुसऱ्या दिवशी हेच आइस्क्रीम असतं.